खोलीत खुर्ची, खुर्चीत कॉकपिट!

वडिलांचा धंदा नादाचा, मुलाला नाद विमानाचा! अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. १९२९ मध्ये या पठ्ठ्याने ऑर्गनचे भाते उचलले, त्यांवर एक बुटकं लाकडी विमान बसवलं आणि भात्यांतली हवा कमी-जास्त करत ते डोलवायला सुरुवात केली. माहीत आहे का, आज डोळ्यांवर हेडसेट चढवून घरबसल्या एफ-१६ उडवणाऱ्यांचं मूळ शोधत गेलं, तर ते थेट या बाजाच्या भात्यापाशी सापडतं?

लष्कराने आधी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग लिंकने यंत्र विकलं करमणुकीच्या बागांना. नाणं टाका, विमान उडवा!

आणि १९३४ उजाडलं. अमेरिकी सरकारने टपालाची विमानं उडवायचं काम लष्करी वैमानिकांवर सोपवलं. हिवाळा, धुकं, काळोख आणि फक्त काट्यांकडे बघून उडायची सवय नाही. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणांना मुकले. तेव्हा कुठे लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अशी दहा हजारांहून अधिक यंत्रं, टोपणनाव ‘ब्लू बॉक्स’, तयार झाली आणि त्यांत सुमारे पाच लाख जणांनी सराव केला. जत्रेतल्या पाळण्यांशेजारी उभं असलेलं हे यंत्र किती घरांचे दिवे वाचवून गेलं, याचा हिशेब लावता येणार नाही.

त्याच्याही आधी काय होतं? पिंप! १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये अँत्वानेत विमानाचे शिकाऊ पायलट अर्ध्या पिंपात बसायचे. सहकारी बाहेरून पिंप हलवायचे आणि आतला पायलट चाकं फिरवून तोल सावरायचा. मोशन प्लॅटफॉर्म, तोही शंभर टक्के मनुष्यबळावर!

सगळं डोक्यावरून!

व्हर्च्युअल रिअॅलिटीचा (व्हीआर) हेडसेट जड वाटतो? मग हे ऐका. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी बनवलेलं डोक्यावरचं डिस्प्ले यंत्र इतकं अवजड होतं, की ते छतालाच जोडलेलं असायचं. डोक्यावर लोंबणाऱ्या त्या लोखंडी दांड्यामुळे नाव पडलं ‘डॅमोक्लिसची तलवार’. आत दिसायचं काय? नुसत्या रेघांचा एक ठोकळा. पण डोकं हलवलं की तो ठोकळा हवेत जागच्या जागी राहायचा. सगळी जादू तिथेच होती.

आता गंमत बघा. सदरलँड यांना ही कल्पना सुचली ती बेल हेलिकॉप्टर कंपनीचा एक प्रयोग पाहून. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली कॅमेरा, आणि पायलट जिकडे डोकं वळवेल तिकडे तो कॅमेरा वळणार. म्हणजे व्हीआर आणि पायलट यांची सोयरीक जन्माआधीपासूनचीच!

पुढची उडी १९८० च्या दशकात. अमेरिकी हवाई दलाच्या राइट-पॅटरसन तळावर थॉमस फर्नेस यांनी असं भलंमोठं हेल्मेट बनवलं, की लोक त्याला ‘डार्थ व्हेडर’ म्हणू लागले. पायलटला बाहेरचं खरं जग दिसायचंच नाही, दिसायचं ते कॉम्प्युटरने काढलेलं आकाश आणि चिन्हं. कॉकपिटमध्ये काटे, आकडे, दिवे इतके वाढले होते, की माणसाला झेपेनात. हेल्मेट आलं ते डोळ्यांवरचा तो भार हलका करायला.

आर्केडवाले तरी मागे कसे राहतील? १९९१ मध्ये ब्रिटनच्या ‘व्हर्च्युआलिटी’ यंत्रात बसून लोक हॅरियर जम्प जेट उडवत होते. पोटात होता अमिगा कॉम्प्युटर. त्याआधी वर्षभर सेगाच्या ‘आर३६०’ने कहर केला होता. हेडसेट नाही, पण खेळणाऱ्याला पट्ट्यांनी बांधून खुर्चीसकट सगळ्या बाजूंनी फिरवायची सोय. विमान उलटं, तर तुम्हीही उलटे! आणीबाणीचं बटण सोबत होतंच.

मग आला पामर लकी. २०१२ मध्ये त्याने ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले. लोकांनी दिले २४ लाखांच्या वर! २०१४ मध्ये फेसबुकने कंपनी तब्बल दोनशे कोटी डॉलरच्या सौद्यात उचलली. आणि आज लकीची नवी कंपनी, अँड्युरिल, काय बनवते ठाऊक आहे? पायलटविना उडणारं लढाऊ विमान. खेळातलं आकाश सोडून गडी खऱ्या आकाशात उतरला.

नजर ना लागो

तर त्या पहिल्या रिफ्ट किटमध्ये एका डोळ्याच्या वाट्याला किती पिक्सेल होते? रुंदीत ६४०, उंचीत ८००. बस्स. कॉकपिट खरंखुरं भासायचं, पण त्यातला एकही आकडा धड वाचता यायचा नाही. उंची किती, वेग किती, हे बघायला माणूस डॅशबोर्डवर नाक टेकवायचा.

धडधाकट डोळ्याला एका अंशात साधारण ६० पिक्सेल मिळाले, की चित्र खरं वाटू लागतं. पहिले घरगुती हेडसेट त्याच्या पाव हिश्शाच्याही आत घुटमळत होते. आज फिनलंडची वार्यो कंपनी मधल्या भागात ७० पर्यंत पोचली आहे. पिमॅक्सच्या ‘क्रिस्टल’मध्ये दर डोळ्याला २८८० बाय २८८० पिक्सेल आहेत. चित्र भरजरी, आणि ते रंगवताना ग्राफिक्स कार्डाची दमछाकही तशीच!

यावर इंजिनिअर मंडळींनी काढलेली पळवाट मला फार आवडते. आपल्याला लख्ख दिसतो तो नजरेच्या मधला जेमतेम दोनेक अंशांचा तुकडा. बाकीचं चित्र मेंदू सांभाळून घेतो. मग हेडसेटने तुमच्या बुबुळावर पाळत ठेवायची, जिथे बघाल तेवढंच तपशिलात रंगवायचं आणि बाकीचं ढोबळ सोडायचं. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

माहीत आहे का, एकच आकडा बदलून तुम्ही राक्षस किंवा बुटबैंगण होऊ शकता? दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्या माणसात सरासरी ६३ मिलिमीटर असतं. सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, हा आकडा वाढवा, विमान खेळण्याएवढं वाटेल. कमी करा, आणि स्टिक हत्तीच्या सोंडेएवढी! ‘कॉकपिट जरा वेगळंच वाटतंय’ अशी तक्रार असेल, तर आधी हा आकडा तपासा.

आणखी एक उलटा प्रकार. लढाईत शत्रू आधी दिसतो तो ठिपक्याएवढा, आणि ठिपका म्हणजे एक-दोन पिक्सेल. पिक्सेल मोठा तर ठिपका मोठा! त्यामुळे काही सिममध्ये महागड्या, बारीक पिक्सेलच्या पडद्यावर शत्रू हरवायचा आणि जुन्यापान्या मॉनिटरवाल्याला आधी सापडायचा. ईगल डायनॅमिक्सच्या ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिमची माणसं या एका ठिपक्यावर वर्षानुवर्षं घाम गाळताहेत.

मान मिळवायचा तर मान वळवा

मॉनिटरसमोर बसून डोक्याची हालचाल टिपणारं ‘ट्रॅकआयआर’ वापरणाऱ्याने मान जराशी हलवली, की पडद्यावरचा पायलट थेट शेपटीकडे बघतो. व्हीआरमध्ये ही सवलत नाही. शत्रू मागे लागला, तर तुम्हालाच कंबरेतून पिळून, खुर्चीची पाठ धरून मागे वळावं लागतं. तासाभरात मान बोलू लागते. खऱ्या फायटर पायलटला हेच करावं लागतं, म्हणून मला हे दुखणं व्हीआरच्या खात्यातलं सर्वांत खरंखुरं नाणं वाटतं.

फक्त एका गोष्टीत घरचा पायलट सुपरमॅन! डोकं आणि हेल्मेट मिळून सात किलो धरा. ९ जीच्या, म्हणजे वजन नऊपट करणाऱ्या, वळणात ते ६३ किलोंचं होतं. खऱ्या विमानात त्या क्षणी मान वळवणं म्हणजे दिव्य. घरी? वजन होतं तेवढंच, हेल्मेटही नाही. सिम बिचारं आपल्या परीने करतं. कडा काळवंडतात, रंग उडतात, कानात पायलटचा दाबून घेतलेला श्वास ऐकू येतो आणि मग अंधार.

बटणांच्या गावात

आता जरा थांबा, इथे घाई नको. एफ/ए-१८सी हॉर्नेट. थंडगार, सगळे दिवे बंद. तुम्ही आत बसला आहात आणि पहिल्यांदाच कळतं की कॉकपिट किती अरुंद आहे, नाक किती लांब आहे आणि जमीन किती खाली आहे. मॉनिटरवर शंभरदा पाहूनही हे कधी उमगलेलं नसतं.

उजव्या हाताला बॅटरीचा स्विच. ऑन. डावीकडे फायर टेस्ट. स्विच दाबून धरला, की बाईचा ठाम आवाज ओळीने सांगू लागतो, डावं इंजिन, उजवं इंजिन, एपीयू (छोटं सहायक इंजिन). आग लागलेली नाही, नुसती परीक्षा चालू आहे. मग एपीयू सुरू करायचं, हिरवा दिवा लागेस्तोवर दम धरायचा. क्रँकचा स्विच उजवीकडे, कारण आधी उजवं इंजिन. फेरे दहा टक्क्यांच्या वर गेले, की थ्रॉटल आयडलला. पाठीमागून घरघर चढत येते आणि पडदे जिवंत होतात. ब्लीड एअरचा नॉब पूर्ण एक चक्कर फिरवायचा. हे सगळं शिकणाऱ्याला ‘गेम खेळतोय’ म्हणणं मला तरी जमत नाही.

त्या बाईच्या आवाजाला पायलट ‘बिचिंग बेटी’ म्हणतात. सुपर हॉर्नेटमधला तो आवाज बोइंगमध्येच नोकरी करणाऱ्या लेस्ली शूक यांचा. २०१६ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण आवाज अजून ड्युटीवर आहे!

बरं, हेडसेट डोळ्यांवर असताना कीबोर्ड कसा दिसायचा? नाकासमोर बघा! हेडसेट आणि नाक यांच्यात जी फट राहते, तिच्यातून मंडळी हळूच खाली डोकावतात. दुसरा उपाय बोटांचा. ठरावीक बटणांवर वेल्क्रोचे तुकडे किंवा रबरी थेंब चिकटवायचे आणि स्पर्शाने ओळखायचे. खऱ्या विमानांतही चाकांचा दांडा चाकाच्या आकाराचा असतो, तो याच कारणाने. हाताला कळलं पाहिजे.

आणि इथेच माझं ठाम मत. हेडसेटमध्ये पिक्सेल वाढवण्याआधी हातात धड स्टिक आणि थ्रॉटल घ्या. डोळा लवकर फसतो, हात फसत नाही. हवेत बोट फिरवून काल्पनिक स्विच दाबला, तर चित्र हलतं, पण बोटाला ‘टक्’ लागत नाही आणि तिथेच आभाळ फाटतं.

थ्रस्टमास्टरने २०१० मध्ये आणलेली ‘वॉर्टहॉग’ म्हणूनच इतकी गाजली. ए-१० विमानाच्या स्टिक आणि थ्रॉटलची हुबेहूब धातूची नक्कल, टेबलावर ठेवली की टेबल दबतं. आणि ‘डीसीएस’चं ए-१०सी मुळात कशातून आलं ठाऊक आहे? अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी बनवलेल्या डेस्कटॉप ट्रेनरमधून. त्याचा मॅन्युअल सहाशेहून जास्त पानांचा!

एफ-१६ची कथा तर भन्नाट. तिची स्टिक सुरुवातीला हलायचीच नाही. पायलट नुसता जोर लावायचा आणि कॉम्प्युटर तो जोर मोजायचा. २० जानेवारी १९७४ ला वायएफ-१६ नुसतं धावपट्टीवर पळवून बघायचं ठरलं होतं. विमान दोन्ही बाजूंना हेलकावे खाऊ लागलं. पायलट फिल ओस्ट्रायकर यांनी ओळखलं की आता थांबवण्यापेक्षा उडवणं बरं. उडवलं, फेरी मारली, नीट उतरवलं. ‘अधिकृत’ पहिलं उड्डाण मात्र २ फेब्रुवारीचं! पुढे स्टिकला कणभर हालचाल दिली गेली, कारण पायलटच्या मनगटाला काहीच हलत नसल्याचं पटेना. आता स्पेनची रिअलसिम्युलेटर कंपनी हीच न हलणारी स्टिक घरासाठी विकते. लोक हौसेने घेतात.

हेलिकॉप्टरवाल्यांचं वेड निराळं. त्यांना हवी असते हाताला उलटा जोर देणारी स्टिक. मायक्रोसॉफ्टची जुनी ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २’ बाजारातून गेली, तरी तिच्यासाठी मंडळी वर्षानुवर्षं जुना बाजार धुंडाळत राहिली.

पांढऱ्या रेघेची गोष्ट, ओझर कनेक्शनसह

व्हीआर लावून मिग-२१ बिसमध्ये बसा आणि समोरच्या पॅनेलवर बघा. मधोमध उभी पांढरी रेघ! सजावट? छे. विमान गरगरत खाली कोसळू लागलं आणि पायलटला दिशाच कळेना, तर स्टिक त्या रेघेच्या दिशेने पुढे ढकलायची, म्हणजे ती बरोबर मध्यात येते. डोकं भणाणलेलं असताना एवढी सोपी खूण दुसरी कुठली देणार? भोवतालचा रंग हिरवट-निळा, डोळ्यांना गार वाटणारा. काटे दाटीवाटीने.

आता आपली गोष्ट. ही मिग-२१ बिस आपल्या हवाई दलासाठी कुठे बनली? नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. १९६३ पासून सेवेत असलेल्या मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप दिला गेला. म्हणजे ज्यांच्या घरातल्या कुणी ओझरला या विमानाचे रिव्हेट ठोकले, त्यांच्या नातवंडांना आता या कॉकपिटमध्ये बसून ‘उडायचं’ असेल, तर रस्ता एकच, सिम्युलेटर. कागदावरच्या फोटोत ती रेघ दिसते. हेडसेटमध्ये ती हाताच्या अंतरावर असते, आणि हा फरक मला मोठा वाटतो.

डोळा एक, चित्रं दोन

अपाचे हेलिकॉप्टरच्या पायलटच्या फक्त उजव्या डोळ्यासमोर एक छोटी काच असते. तिच्यात वेग, उंची, निशाणा. डावा डोळा मोकळा. दोन डोळे, दोन वेगळी जगं! नवख्यांची डोकी दुखतात. ‘डीसीएस’मधल्या २०२२ च्या अपाचेत व्हीआरवाल्यांना हे जसंच्या तसं मिळतं, उजव्या डोळ्यात चिन्हं, डाव्यात कोरं आकाश. डोकेदुखीही अस्सल!

एफ-३५चं खरं हेल्मेट तर व्हीआरलाच मागे टाकतं. विमानाबाहेरचे सहा इन्फ्रारेड कॅमेरे चित्र पाठवतात आणि पायलटला चक्क स्वतःच्या पायांखालून, विमानाच्या तळातून आरपार जमीन दिसते. किंमत? सुमारे चार लाख डॉलर. एकाची!

पोटातलं विमान

पहिल्या दिवशी मळमळलं? लाजू नका. डोळे म्हणतात ‘वळतोय’, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते ‘बसलोय’, आणि भांडण मिटवायला पोट मधे पडतं. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. शिकाऊ पोरांपेक्षा अनुभवी शिक्षकांनाच जास्त त्रास व्हायचा! ज्यांच्या शरीराला खरं उड्डाण पाठ, त्यांना खोटं आधी खटकतं.

उपाय? समोर छोटा टेबल फॅन. वारा कुठून येतो यावरून शरीराला आपली दिशा कळत राहते, गार वाटतं आणि हेडसेटच्या काचेवर वाफही धरत नाही. खुर्चीखाली धक्के देणारा ‘बास शेकर’ लावला, तर तोफेचा दणका थेट पाठीला!

खेळ नाही, नोकरी!

२०१८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने ऑस्टिनला प्रयोग केला. शिकाऊ पायलटना बाजारात मिळणारे व्हीआर हेडसेट दिले. पहिल्या तुकडीतले १३ अधिकारी सुमारे सहा महिन्यांत पायलट होऊन बाहेर पडले. एरवी या शिक्षणाला वर्षभर लागायचं.

२०२१ मध्ये युरोपच्या हवाई सुरक्षा संस्थेने पहिल्यांदाच एका व्हीआर सिम्युलेटरला प्रशिक्षणासाठी मान्यता दिली. विमान नव्हे, रॉबिन्सन आर२२ हे चिमुकलं हेलिकॉप्टर. यंत्र स्वित्झर्लंडच्या कंपनीचं.

आणि २० ऑगस्ट २०२०! एका बाजूला ‘बँगर’ या टोपणनावाचा कसलेला एफ-१६ पायलट, डोळ्यांवर व्हीआर हेडसेट. दुसऱ्या बाजूला हेरॉन सिस्टिम्सचं एआय. सिम्युलेटरमध्ये पाच झुंजी. स्कोअर? एआय ५, माणूस ०. एआयला ना मान दुखते, ना समोरासमोर घुसताना जिवाची भीती. खऱ्या सरावात दोन विमानांत सुरक्षित अंतर राखावं लागतं, इथे ते बंधन नव्हतं आणि एआयने नेमका तिथेच डाव साधला. माणूस हरला हे खरं, पण बरोबरीच्या नियमांवर हरला असं मी म्हणणार नाही.

रिअॅलिझमचं वेड कुठवर जातं? ‘वॉर थंडर’ या गेमचे खेळाडू रणगाड्याचे तपशील चुकीचे आहेत म्हणून वाद घालता घालता खऱ्या लष्करी कागदपत्रांचे तुकडे इंटरनेटवर टाकून मोकळे झाले. एकदा नव्हे, अनेकदा! हे शौर्य नव्हे, गुन्हा आहे. हौसेपायी असलं धाडस कुणी करू नये.

हौसेची चांगली बाजूही बघा. १९९८ च्या ‘फाल्कन ४.०’ या सिमसोबत पाचशेहून जास्त पानांचं बाड मिळायचं. कंपनीने हात काढून घेतला, पण चाहत्यांनी ‘फाल्कन बीएमएस’ नावाने ते आजतागायत जिवंत ठेवलं, आता त्यात व्हीआरसुद्धा आहे. आणि ‘व्हीटॉल व्हीआर’ तर जवळपास एकट्या माणसाने बनवलेला खेळ. त्यातली विमानं काल्पनिक, पण प्रत्येक स्विच तुम्ही हातातल्या कंट्रोलरने खरोखर धरून फिरवता. स्टिकचा वेगळा खर्चही नाही.

मग? सुरुवात करायची? ‘डीसीएस वर्ल्ड’ फुकट उतरवून घेता येतं, सोबत सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी मस्टँग ही दोन विमानंही फुकट. हेडसेट नसेल तर आधी मॉनिटरवर हात बसवा. हेडसेट असेल तर पहिल्या आठवड्यात डॉगफाइटच्या वाटेला जाऊ नका, मस्टँग घेऊन सरळ, सपाट उडा. पंधरा मिनिटं झाली किंवा जरा मळमळलं, की हेडसेट काढा. आणि हो, फॅन आधी लावा!